प्रत्येकाने आपापली जाहिरात का करायची?

नोकरी शोधणाऱ्याला हल्ली दोन सल्ले हमखास मिळतात. रिझ्युमे एका पानाचा ठेव, हा पहिला. लिंक्डइनवर ‘ॲक्टिव्ह’ राहा, हा दुसरा. पहिल्यावर वाद घालणारे तरी भेटतात, दुसरा मात्र बिनविरोध मंजूर झालेला आहे. आठवड्यातून निदान तीन पोस्ट टाक, क्षेत्रातल्या नामांकितांच्या पोस्टखाली विचारपूर्वक वाटेल अशी कमेंट कर, फोटो हसरा असू दे पण फार हसरा नको, नावाखालच्या ओळीत नुसता हुद्दा लिहू नकोस, ‘तू जगाला काय देतोस’ ते लिही. नोकरी लागलेल्यांचीही यातून सुटका नाही. बढती हवी असेल तर दिसायला हवे, नोकरी गेलीच तर आधीपासून दिसत असायला हवे. थोडक्यात, काम करायचे आणि त्याशिवाय काम करणाऱ्या माणसाची जाहिरातही करायची. ती दुसरी पाळी बिनपगारी असते, हे कुणी मोठ्याने म्हणत नाही.

या सल्ल्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या आहेत. आपल्या नावाने शोधल्यावर इंटरनेटवर काय दिसते याची खबरदारी घेणे ही एक. ती घ्यावी, त्याबद्दल माझे दुमत नाही. स्वतःला माल समजून रोज बाजारात मांडणे ही दुसरी. पहिलीची भीती दाखवून दुसरी गळ्यात मारली जाते. आणि या गडबडीत तिसराच एक प्रश्न विचारायचा राहून जातो: ज्याचा कामाशी काडीचाही संबंध नाही असे माणसाचे आयुष्य चाळून बघण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याला कुणी दिला? हा प्रश्न सार्वजनिक आहे, कायद्याचा आहे. ‘तू तुझी प्रोफाइल नीट ठेव म्हणजे झाले’ असे म्हणून आपण तो एकेकट्या उमेदवारावर ढकलला आहे आणि हात झटकले आहेत.

स्वतःचा ब्रँड करण्याची कल्पना सोशल मीडियाने आणली असे वाटते खरे, पण ती त्याच्या आधीची आहे. टॉम पीटर्स या अमेरिकी व्यवस्थापन सल्लागाराने ऑगस्ट १९९७ मध्ये ‘फास्ट कंपनी’ मासिकात ती मांडली, तेव्हा लिंक्डइन सुरू व्हायला जवळजवळ सहा वर्षे अवकाश होता. त्यांचे म्हणणे असे की मोठ्या कंपन्या आपल्या नाममुद्रेची जशी निगा राखतात तशी प्रत्येकाने स्वतःची राखावी. तुम्ही कुणाचे नोकर नाही, ‘मी’ नावाच्या कंपनीचे प्रमुख आहात. या लेखाची वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. अमेरिकेत मोठमोठ्या कंपन्या माणसे कमी करत होत्या. जन्मभराची नोकरी देणारी म्हणून जिची ख्याती होती त्या आयबीएमने १९९३ मध्ये हजारो लोकांना घरी पाठवले होते. तुम्ही इमानाने काम करा, कंपनी तुम्हाला सांभाळील, हा अलिखित करार मोडला होता आणि मोडणाऱ्या कंपन्या होत्या. अशा वेळी पीटर्स सांगत होते, रडत बसू नका, यातच तुमचे स्वातंत्र्य आहे. नोकरी गेलेल्या माणसाला उभारी देणारे बोलणे म्हणून ते ठीकच होते. पण पंचवीस-तीस वर्षांत त्या उभारीचे कर्तव्य झाले. जे धाडसी माणसाने करून पाहावे असे होते ते आता न करणारा आळशी ठरतो.

मधल्या काळात या कर्तव्यावर एक उद्योग उभा राहिला. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये लिंक्डइन २६.२ अब्ज डॉलरना विकत घेतले. बायोडेटांच्या नुसत्या साठ्यासाठी एवढी रक्कम कुणी मोजत नाही. लोकांनी रोज यावे, लिहावे, एकमेकांची प्रगती बघून थोडे अस्वस्थ व्हावे आणि पुन्हा यावे, हे त्या किमतीत धरलेले असते. भरती करणाऱ्या कंपन्यांना उमेदवार शोधून देण्याच्या सेवा हा या व्यवसायाच्या कमाईचा मोठा आधार आहे. त्याच्या आजूबाजूला प्रोफाइल लिहून देणारे, पोस्ट लिहून देणारे, फॉलोअर वाढवण्याचे वर्ग घेणारे असा मोठा गोतावळा आहे. ‘दिसत राहा नाहीतर संपलात’ हे वाक्य कुणाच्या तोंडून येते आहे ते पाहिले की त्यातला निम्मा अधिकारवाणीचा सूर आपोआप उतरतो.

उरलेल्या निम्म्याचे काय? व्यावसायिक लौकिक ही गोष्ट खरी आहे आणि फार जुनी आहे. अकराव्या शतकात भूमध्य समुद्राभोवती व्यापार करणाऱ्या मगरिबी, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या, ज्यू व्यापाऱ्यांची पत्रे कैरोच्या एका सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जपली गेली. अर्थतज्ज्ञ ॲव्हनर ग्राइफ यांनी त्यांच्या आधारे असे मांडले, की दूरच्या बंदरातल्या आडत्याने फसवले तर ती बातमी पत्रांतून पसरे आणि बाकीचे व्यापारी त्याच्याशी व्यवहार टाळत. न्यायालय दूर, कायदा दुबळा, तरी माल सुखरूप पोचायचा तो या धाकामुळे. माणसाची पत ठरत होती ती इतरांनी त्याच्याबद्दल एकमेकांना काय लिहिले यावर. पर्सनल ब्रँडिंगने नेमकी हीच दिशा उलटी केली आहे. आता माझ्याबद्दल मीच लिहायचे, तेही ओळखीच्या नसलेल्या हजारोंसाठी. ज्याने माझ्याबरोबर काम केले आहे त्याचा शब्द आणि ज्याने माझी पोस्ट वाचली आहे त्याचा अंगठा, या दोन गोष्टी एका मापाने मोजल्या जाऊ लागल्या.

विल्यम गॉसेट हे नाव फारसे कुणाला माहीत नसते. ते गिनेस या दारूभट्टीत नोकरीला होते. थोड्याशा नमुन्यांवरून भरवशाचा निष्कर्ष कसा काढायचा हा त्यांच्या रोजच्या कामातला प्रश्न होता. कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने शोधनिबंध छापू देत नसे, म्हणून १९०८ मध्ये त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने निबंध प्रसिद्ध केला. संख्याशास्त्र शिकणारा प्रत्येक जण आजही त्या निबंधातून निघालेली ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ ही चाचणी करतो. नाव झाकलेले, चेहरा अनोळखी, आणि काम शंभर वर्षे टिकलेले. सगळे गॉसेट नसतात, हे मान्य. पण सगळे उत्तम जाहिरातदारही नसतात, आणि दुसरी अपेक्षा मात्र सर्रास सगळ्यांकडून केली जाते.

बरे, या जाहिरातीने निदान नोकऱ्या तरी लागतात का? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ मधला निबंध या विषयावर अजूनही पहिला उद्धृत केला जातो. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले होते, की ज्याच्याकडून कळले त्याला तुम्ही किती वेळा भेटता. नेहमी भेटतो म्हणणारे सहापैकी एकच निघाले. बाकीच्यांना नोकरी कळली ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून: जुना सहकारी, मित्राचा मित्र, वर्गात मागच्या बाकावर बसणारा कुणी. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याच कल्पनेची प्रचंड मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवर केलेली. तिथेही फार घट्ट नाही आणि अगदीच विरळ नाही अशा ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या. (‘तुम्ही यांना ओळखत असाल’ या सूचना कुणाला कशा दाखवायच्या ते बदलून हा प्रयोग काही वर्षे चालला होता. त्या दोन कोटींना आपण प्रयोगात आहोत याची कल्पना नव्हती. प्लॅटफॉर्म आपल्या हातात आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.) या दोन्ही अभ्यासांतला ‘ओळखीचा’ माणूस हा श्रोता नाही. तो आपल्याला थोडाफार ओळखतो, आपण काय करू शकतो याचा त्याला अंदाज आहे. दहा हजार फॉलोअर आणि दहा जुने सहकारी यांत नोकरीच्या दृष्टीने कोण कामाचे, याचे उत्तर ब्रँडिंगच्या वर्गात मिळते त्याच्या बरोबर उलट असण्याची शक्यता मोठी आहे.

योगायोग असा की त्याच १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञाने नोकरीच्या बाजारातल्या ‘संकेतां’विषयी लिहिले. पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. त्यांचा मुद्दा साध्या भाषेत असा: मालकाला उमेदवाराचा वकूब आधी दिसत नाही, म्हणून तो खुणा बघतो. आणि खूण उपयोगी पडते ती फक्त तेव्हाच, जेव्हा वकूब नसलेल्याला ती मिळवणे जास्त जड जाते. पदवी ही अशी खूण. आता ऑनलाइन पोस्टला ही कसोटी लावून बघा. २०१० च्या सुमाराला आपल्या विषयावर सातत्याने नेटके लिहिणाऱ्या माणसाबद्दल काहीतरी कळत असे, कारण तसे लिहायला विषय यावा लागे आणि वेळ मोडावा लागे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि ती अट गेली. आज ज्याला विषय येतो आणि ज्याला येत नाही त्या दोघांची पोस्ट सारखीच गुळगुळीत असते, आणि दोघांनाही ती लिहायला तेवढीच मिनिटे लागतात. स्पेन्स यांच्या तर्काने ही खूण आता निकामी झाली. तरीही ती मागणे थांबलेले नाही. उलट मजकूर स्वस्त झाल्यामुळे जास्त मजकूर मागितला जातो आहे. एकाने दोन टाकल्या की दुसऱ्याला चार टाकाव्या लागतात, आणि शेवटी सगळे होते तिथेच राहतात, फक्त दमलेले.

दमण्याचे प्रमाण सगळ्यांचे सारखे नसते, आणि माझा खरा राग इथे आहे. काही कामे अशी असतात की त्यांबद्दल बोलणे हाच गुन्हा. रुग्णालयातली परिचारिका, समुपदेशक, न्यायाधीशाच्या कचेरीतला लेखनिक, एखाद्या संस्थेची संगणक-सुरक्षा सांभाळणारा तंत्रज्ञ. यांनी दिवसभरात काय केले हे जगाला सांगितले तर त्यांची नोकरी जाईल, आणि जायलाच हवी. काही कामांचे यश म्हणजे काहीही न घडणे. पूल तपासणाऱ्या अभियंत्याने वेळेत भेग शोधली तर पूल उभाच राहतो. उभ्या पुलाचा फोटो टाकून कुणाला लाइक मिळत नाहीत. उलट ज्याचा प्रकल्प कोसळता कोसळता वाचला त्याच्याकडे सांगायला ‘संकटातून मी काय शिकलो’ ही छान गोष्ट असते. बोलण्याजोगे काम आणि चांगले काम हे एकच नव्हे. ब्रँडची कसोटी पहिल्याला बक्षीस देते.

बायकांना हा व्यवहार जास्त महाग पडतो. ‘दिसत राहा’ या आज्ञेत दिसण्याची किंमत धरलेली नसते. व्यावसायिक मुद्द्यावर लिहिलेल्या चार ओळींना उत्तर म्हणून रूपावर शेरे, मेसेजमध्ये नको ते फोटो, मत ठाम असेल तर धमक्या. पुरुष सहकाऱ्याला जो अर्धा तास पोस्ट लिहायला लागतो त्यात बाईला पोस्ट लिहून शिवाय ब्लॉक आणि रिपोर्ट करत बसावे लागते. लग्नानंतर आडनाव बदलले असेल तर दहा वर्षांचे काम एका नावावर आणि पुढचे दुसऱ्या नावावर, आणि शोधणाऱ्या यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका. संशोधकांच्या जगात यावर ऑर्किड या संस्थेने २०१२ पासून तोड काढली: प्रत्येक संशोधकाला १६ अंकी कायमची ओळख, नाव बदलले तरी काम त्याच माणसाच्या खात्यावर. इतर धंद्यांत अशी सोय जवळजवळ नाही.

नावाचाच आणखी एक छळ. ज्याचे नाव हजारोंचे आहे तो शोधूनही सापडत नाही, आणि कधी त्याच्या नावाने भलत्याचीच भानगड सापडते. हार्वर्डच्या लतान्या स्वीनी यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की प्रामुख्याने कृष्णवर्णीय अमेरिकनांची असतात अशी नावे गुगलवर शोधली तर शेजारी अटकेच्या नोंदी सुचवणाऱ्या जाहिराती जास्त येत होत्या, त्या व्यक्तीला कधी अटक झालेली असो वा नसो. अशा माणसाने आपला ब्रँड कितीही घासूनपुसून ठेवला तरी शेजारची जाहिरात त्याच्या हातात नाही.

आता नोकरी देणाऱ्याच्या बाजूला येऊ. उमेदवाराचे नाव टाकून बघायला किती सेकंद लागतात? तेवढ्याने एखादा घातक माणूस टळत असेल तर का बघू नये? वरवर बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद आहे. पण बघून काय कळते याचा अभ्यास झालेला आहे. चॅड व्हॅन इडेकिंगे हे अमेरिकी संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरीसाठी प्रयत्न करणाऱ्या विद्यार्थ्यांची फेसबुक पाने भरती करणाऱ्या अनुभवी लोकांना दाखवली आणि गुण द्यायला सांगितले. पुढे ते विद्यार्थी नोकरीला लागल्यावर त्यांच्या वरिष्ठांना काम कसे आहे ते विचारले. २०१६ मध्ये छापलेल्या या अभ्यासात पाने बघून दिलेल्या गुणांचा आणि प्रत्यक्ष कामाचा काही संबंध आढळला नाही. एक गोष्ट मात्र आढळली: गुण गोऱ्यांना आणि मुलींना झुकते मिळाले होते. म्हणजे पान चाळून कामाबद्दल काही कळले नाही, आणि जे कळायला नको होते ते तेवढे कळले.

अलेसांद्रो अक्विस्ती आणि क्रिस्टिना फाँग या संशोधकांचा प्रयोग याहून टोकदार आहे. त्यांनी अमेरिकेतल्या चार हजारांहून अधिक नोकऱ्यांसाठी अर्ज पाठवले. अर्जात धर्माचा उल्लेख नव्हता. तो फक्त त्या काल्पनिक उमेदवाराच्या सोशल मीडियावरच्या पानावर होता, म्हणजे ज्याने मुद्दाम शोधले त्यालाच दिसणार. देशभराचा हिशेब केला तर फरक ठळक नव्हता, पण रिपब्लिकन पक्षाचे प्राबल्य असलेल्या भागांत मुस्लिम उमेदवाराला ख्रिस्ती उमेदवारापेक्षा लक्षणीय कमी बोलावणी आली. मुलाखतीत ‘तुमचा धर्म कोणता’ असे विचारणे अनेक देशांत बेकायदा आहे. तोच प्रश्न सर्च-बॉक्सला विचारला तर कुणाला पत्ता लागत नाही. ज्याला नाकारले त्यालाही नाही.

‘ज्याला लपवण्यासारखे काही नाही त्याने कशाला घाबरावे?’ हे वाक्य या वादात आल्याशिवाय राहत नाही. दोन ओळखी बाळगणे हे सचोटीच्या अभावाचे लक्षण आहे, असे फेसबुकचे मार्क झुकरबर्ग एकदा म्हणाले होते. फेसबुकच्या धंद्याला सोयीचे असे हे नीतिशास्त्र आहे. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी त्याच्या अर्धशतक आधी सांगून ठेवले होते, की माणूस निरनिराळ्या लोकांसमोर निरनिराळा वागतो आणि रंगमंचामागची जागा त्याला लागतेच. आईशी बोलताना, मित्रांच्या कट्ट्यावर, शोकसभेत आणि कचेरीत जो एकसारखाच बोलतो त्याला आपण प्रामाणिक म्हणत नाही, त्याला पोच नाही म्हणतो. कट्ट्यावरचा विनोद कचेरीच्या टेबलावर ठेवला की तो वाईट दिसणारच. दोष विनोदाचा किती आणि जागा बदलणाऱ्याचा किती?

आणि काळ बदलणाऱ्याचा किती? इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून वेबपाने साठवते आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००६ ते २०१७ या काळातली सार्वजनिक ट्विट्स सरसकट गोळा करून ठेवली. दिग्दर्शक जेम्स गन यांची जवळजवळ दशकभरापूर्वीची ओंगळ विनोदांची ट्विट्स २०१८ च्या जुलैत कुणीतरी उकरून काढली आणि डिस्नेने त्यांना काढून टाकले. मार्च २०१९ मध्ये त्याच डिस्नेने त्यांना परत घेतल्याचे जाहीर झाले. मधल्या काळात त्यांच्या चित्रपटातल्या कलाकारांनी उघड पत्र लिहून बाजू घेतली होती. आपल्यापैकी कितीजणांसाठी असे पत्र लिहिले जाईल? नामवंतांना वादळातून परतीची वाट असते. सतराव्या वर्षी मूर्खासारखे काहीतरी लिहिलेल्या सामान्य माणसाला नुसते ‘आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे’ असे दोन ओळींचे पत्र येते, आणि कारण कधीच कळत नाही.

विसरले जाण्याचा हक्क असावा का, यावर युरोपात तरी निकाल लागला. स्पेनमधल्या एका गृहस्थाचे नाव शोधले की १९९८ मधली, कर्जवसुलीसाठी मालमत्तेच्या लिलावाची जाहीर सूचना वर येत असे. कर्ज कधीच फिटले होते. युरोपीय न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी सांगितले, की वर्तमानपत्राच्या संग्रहात ती सूचना राहू दे, पण नावाने शोधल्यावर ती दाखवण्याचे गुगलला आता कारण नाही. २०१८ मध्ये लागू झालेल्या युरोपीय माहिती-संरक्षण कायद्यात हा हक्क कलम १७ म्हणून आला. त्याला मर्यादा आहेत: २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की युरोपाबाहेरच्या शोधांतूनही दुवा काढण्याचे बंधन गुगलवर नाही. राजकारण्यांनी आणि भामट्यांनी या हक्काचा आडोसा घेऊ नये ही भीतीही रास्त आहे. तरीही शिक्षेला मुदत असावी हे तत्त्व न्यायालयांना मान्य असेल तर सर्च इंजिनला का नसावे, याचे पटेल असे उत्तर मी अजून ऐकलेले नाही.

मग माणसाने स्वतःसाठी काय करावे? थोडेच, पण नेमाने. कुठेही लॉगिन न करता आपले नाव शोधून बघावे, पहिल्या पानावर काय येते ते माहीत असावे. आपल्या ताब्यातले एखादे पान असावे, त्यावर काय केले, कुठे केले, शक्य असेल तर ते कुठे बघता येईल एवढे असावे. प्रत्येक ठिकाणी नावाचे स्पेलिंग एकच ठेवावे. बंद पडलेली जुनी खाती मिटवावीत. ‘फक्त मित्रांसाठी’ असलेली गोष्ट एका स्क्रीनशॉटवर जगासाठी होते, हे धरून चालावे. खोटे काही पसरले तर पुराव्यासह एकदा, शांतपणे, आपल्या पानावर उत्तर लिहावे आणि प्रत्येक कमेंटशी कुस्ती खेळू नये. आणि जुन्या सहकाऱ्यांना अधूनमधून फोन करावा, तोही काम नसताना.

पैसे देऊन प्रतिमा धुऊन देणाऱ्या कंपन्यांच्या नादी लागू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत २०११ मध्ये शांतपणे बसलेल्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी तिखटाचा फवारा मारला. त्याचे फोटो शोधनिकालांत खाली ढकलण्यासाठी विद्यापीठाने सल्लागारांवर किमान १,७५,००० डॉलर खर्च केले. २०१६ मध्ये एका वर्तमानपत्राने तो खर्च उघड केला, आणि विसरत चाललेले फोटो पुन्हा जगभर झळकले.

एवढी काळजी घेऊनही उमेदवाराच्या हातात निम्मीच बाजू राहते, म्हणून दुसऱ्या बाजूला नियम हवेत. ते अशक्य कोटीतले नाहीत. मेरीलँड राज्याने २०१२ मध्ये कर्मचाऱ्यांकडे आणि उमेदवारांकडे त्यांच्या खात्यांचे पासवर्ड मागायला बंदी घातली आणि मागोमाग अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी तसे कायदे केले. त्याआधी कंपन्या ते खरोखर मागत होत्या! फिनलंडच्या २००४ च्या कायद्याप्रमाणे मालकाने माहिती प्रामुख्याने त्या माणसाकडूनच घ्यायची असते आणि इतरत्र शोधायची तर सर्वसाधारणपणे त्याची संमती लागते. युरोपातल्या माहिती-संरक्षण नियामकांच्या गटाने २०१७ मध्ये मत दिले, की प्रोफाइल सार्वजनिक आहे एवढ्यावरून मालकाला ती भरतीसाठी वापरायची मोकळीक मिळत नाही. त्या नोकरीशी संबंध असेल तेवढेच बघावे आणि बघणार आहोत हे उमेदवाराला आधी सांगावे. छोट्या कंपन्यांना हे झेपणार नाही असे म्हटले जाते. पण झेपायचे काय आहे? जाहिरातीत एक ओळ लिहायची आहे.

हेट स्पीच, हिंसेला चिथावणी, ग्राहकाची गुपिते फोडणे, खोट्या पदव्या या गोष्टी कामाशी थेट निगडित आहेत आणि त्या बघाव्यात. लहान मुलांना शिकवणारा शिक्षक सार्वजनिकपणे एखाद्या जमातीबद्दल गरळ ओकत असेल तर शाळेला ते कळायला हवे. मात्र बघण्याचे काम निवड करणाऱ्याने करू नये. वेगळ्या माणसाने बघावे, आधी ठरवलेल्या यादीत बसते तेवढेच टिपून पुढे पाठवावे, धर्म, जात, गरोदरपण, आजार, मतदान यांतले काहीही निवड समितीच्या टेबलावर जाऊ नये. प्रतिकूल काही सापडले तर उमेदवाराला ते दाखवावे आणि बाजू मांडू द्यावी. ते पान कदाचित त्याच्या नावाच्या दुसऱ्याच माणसाचे असेल. उमेदवार अल्पवयीन असताना लिहिलेले काही धरू नये. आणि ज्याचे ऑनलाइन काहीच नाही त्याला त्याबद्दल गुण कमी देऊ नयेत. ही शेवटची अट लिखित हवी, कारण रिकामी प्रोफाइल म्हणजे ‘काहीतरी गडबड’ असा समज भरती करणाऱ्यांत रुजू लागला आहे.

तोवर उमेदवाराला एक गोष्ट करता येईल. मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का’ असे विचारतात, तेव्हा विचारावे: माझ्याबद्दल तुम्ही इंटरनेटवर काय काय पाहिलेत, आणि त्यातले किती या निर्णयात धरणार आहात? युरोपात आपली कोणती माहिती जमा केली हे मागण्याचा कायदेशीर हक्कच आहे. जिथे तो नाही तिथेही प्रश्न विचारायला बंदी नाही. काही ठिकाणी हा प्रश्न उद्धटपणाचा वाटेल आणि नोकरी हातची जाईलही, म्हणून ज्याच्यापुढे दुसरा पर्याय नाही त्याने तो विचारावा असे मी म्हणणार नाही. तो आधी विचारायला हवा वरच्या पदांसाठी मुलाखती देणाऱ्यांनी, ज्यांना नकार परवडतो आणि जे उद्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसणार आहेत.